रतनबाईचा अर्धा कोयता

आमच्या कारखान्याला ऊसतोडीसाठी येणाऱ्या टोळ्या माणसांत मोजत नाहीत, कोयत्यांत मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको तो गोळा करून मोळ्या बांधते, आणि ट्रॅक्टर आला की दोघंही मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवतात. जोडीतलं एक माणूस आजारी पडलं किंवा गेलं की उरतो तो अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही.

मी श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात शेतकी विभागात कारकून आहे. बी.कॉम. झालो आणि इथंच चिकटलो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. टोळ्यांच्या पाण्याची, दिव्याची, दवाखान्याची सोय बघणं माझ्याकडे असल्यामुळे त्यांच्या कोप्यांवर माझं रोजचं जाणं. पाचट आणि ताडपत्रीच्या त्या झोपड्यांत मी पुष्कळ भांडणं ऐकली आहेत. पण रतनबाई जशी जळताना पाहिली तशी दुसरी कोणी पाहिली नाही. एक बाई दुसऱ्या बाईच्या चालण्यावर जळत होती.

रतनबाई पाथर्डी तालुक्यातली, डोंगराकडेच्या एका गावातली. लग्न झालं त्याच वर्षी नवऱ्याबरोबर तोडीला आली आणि मग दरवर्षी येत राहिली. आता चाळिशी ओलांडली असेल. तिचं पूर्वीचं चालणं मी पाहिलेलं आहे. डोक्यावर मोळी असताना तिची मान जागची हलत नसे. फळी तिच्या पावलाखाली वाकायची, उसळायची, आणि ती त्या उसळीवरच पुढचं पाऊल टाकायची. ट्रॅक्टरचे ड्रायव्हर विडी पेटवायची सोडून बघत राहायचे.

तिच्या डोक्यावर मोळी द्यायचा तिचा नवरा, बिभीषण. उंच, हडकुळा, कमी बोलणारा माणूस. तो मोळी उचलून धरी, ती डोक्यावरची चुंबळ सावरत गुडघ्यात किंचित वाके, मोळी टेकली की तो एका हातानं तोल साधून देई आणि ती निघे. दोघांत शब्द होत नसे. एकदा ती मला म्हणाली होती, "सायब, घरी सासू, दीर, पोरं, लई मानसं. दिवसाउजेडी ह्यांचा हात लागतो त्यो हितंच." बोलून गेल्यावर स्वतःच लाजली आणि पदर तोंडाला लावून निघून गेली.

तीन-चार वर्षांपूर्वी एका सकाळी दवानं निसरड्या झालेल्या फळीवरून उतरताना तिचा उजवा पाय सटकून जमिनीवर आदळला. ती पडली नाही. सगळा भार एका खुब्यानं झेलला एवढंच. त्या दिवशीच्या पुढच्या खेपाही तिनं केल्या. मग दुखायला लागलं. बसून उठताना, कुशीवर वळताना, पायरी चढताना. कंबरेच्या खाली, उजव्या ढुंगणाच्या वरच्या अंगाला.

ऊसतोडीच्या बायकांत एक समज पक्का बसलेला आहे. कंबर दुखली की पिशवी बिघडली. फडात राहीबाई म्हणून एक थोराड बाई आहे, तिची स्वतःची पिशवी काढलेली, तिच्या दोन सुनांचीही. तिनं रतनबाईला एका खासगी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोटाची सोनोग्राफी केली, पिशवीला सूज आहे म्हणाले आणि गर्भाशय काढलं. खुब्याला कोणी हात लावून पाहिलं नाही. पुढच्या हंगामाला रतनबाई आली ती पिशवी गेलेली आणि दुखणं तसंच राहिलेलं.

तिचं चालणं आता वेगळं झालं होतं. पावलं आखूड पडायची. हात हलायचे नाहीत. वळायचं झालं तर खांद्यापासून कंबरेपर्यंतचं सगळं धड कपाट फिरवावं तसं एकदम फिरायचं. उजव्या पायावर भार आला की ती अंग उजवीकडे झोकून द्यायची आणि डावा पाय घाईनं पुढं ओढायची. तशातच तिनं आणखी एक हंगाम ओढला.

यंदा दसऱ्याच्या सुमारास मच्छिंद्र मुकादम त्यांच्या घरी आला. त्या बैठकीत काय झालं ते रतनबाईनं मला नंतर इतक्या वेळा सांगितलं की मी तिथं हजर होतो असंच वाटतं.

"बिभीषणभाऊ, गेल्या साली तुमचा कोयता सगळ्यांच्या मागं पडला," मच्छिंद्र म्हणाला. "वहिनी आता फळीवर न्हाई चढायच्या."

"मी चढते की," चुलीपाशी बसलेली रतनबाई म्हणाली.

"चढता वो. पन तुमच्या मागं वरात उभी ऱ्हाती."

"मंग काय म्हननं हाय तुमचं?"

"दिपालीला घ्या. तीबी अर्धा कोयता, तुमीबी अर्धा. दोन्हीचा मिळून एक व्हतो."

दिपाली ही बिभीषणच्या धाकट्या चुलतभावाची बायको. तो दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. वय तिशीच्या आत-बाहेर, दोन पोरं माहेरी ठेवलेली, आणि तोडीला जायचं तर जोडीला कोणी नाही. मुकादमाच्या दृष्टीनं हिशेब सरळ होता. बिभीषणनं जमिनीकडे बघत होकाराची मान हलवली.

"आन मी?" रतनबाईनं विचारलं.

"तुमी घरी ऱ्हावा. आराम करा."

"ह्यांच्या भाकरी कोन थापील? तीच का? मी येते. सयपाकाला."

ती आली. दिपालीच्या झोपायची सोय शेजारी राहीबाईच्या कोपीत केली. पहिल्या दिवशी मी टोळीची नोंद घ्यायला गेलो तेव्हा जोडीदाराचं नाव विचारलं. बिभीषण काही बोलायच्या आत रतनबाई पुढं झाली. "ल्ह्या, दिपाली. पन बायकू म्हनून ल्हिऊ नका."

त्यांच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिरासमोर पदर पुढं ओढते. अशा थोरल्या दिराला भाया म्हणतात. भायाशी मोठ्यानं बोलायचं नाही, त्याच्या हातात वस्तू द्यायची नाही, खाली ठेवायची आणि त्यानं उचलून घ्यायची. हे सगळं घरात जमतं. फडात कसं जमायचं? पहिले काही दिवस बिभीषण मोळी उचलून बांधावर उभी करायचा आणि राहीबाई ती दिपालीच्या डोक्यावर द्यायची. रतनबाई भाकरी घेऊन फडात यायची, लिंबाखाली बसायची आणि समाधानानं बघायची. पण या रीतीनं एकेका मोळीला वेळ जायचा. राहीबाईची स्वतःची खेप चुकायची. मच्छिंद्र एक दिवस सगळ्यांसमोर कडाडला.

"हितं ऊस भरायचा हाय का रीतभात पाळायची हाय? बिभीषणभाऊ, दे ना मोळी उचलून. डोक्यावर द्यायची हाय, गळ्यात हार न्हाई घालायचा!"

फडात हशा पिकला. बिभीषण कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं मोळी उचलली. दिपालीनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला, मान खाली घातली, गुडघ्यात किंचित वाकली. मोळी टेकली. त्यानं सवयीनं एका हातानं तोल साधून दिला. ती निघाली.

"सवयीनंच," रतनबाई मला म्हणाली. "तेच तर. त्यो हात इचार करून न्हाई गेला. आपोआप गेला."

आणि दिपाली चालायची सुरेख. सडपातळ अंग, लांब पावलं, दोन्ही खुबे पाळण्यासारखे आलटून पालटून पुढं जायचे. फळी वाकायची, उसळायची, ती उसळीवर पाऊल टाकायची. रतनबाईला आपलंच पूर्वीचं अंग कुणीतरी चोरून घालून फिरतंय असं वाटत असावं. ती लिंबाखालून नजर हलवत नसे.

"काय गं रतने," राहीबाई चिडवायची, "सयपाकाला आलीस का नवरा राखायला?"

"दोन्हीला. तुला काय त्रास?"

"राखून काय करनार? पळाला तर तुला पाठलाग हुईल का?"

"तुझ्याकडंच पळून यील, मंग दूर न्हाई जायाचा."

बायका हसायच्या, रतनबाईही हसायची, पण तिच्या हातून जे व्हायचं ते व्हायचंच. दिपालीच्या वाट्याची भाकरी जाड आणि कच्ची निघायची. ठेच्यात तिच्यापुरतं मीठ विसरायचं. एकदा दिपालीची चुंबळ सापडेना. ती पाण्याच्या टाकीमागं निघाली. दिपाली कधी काही बोलली नाही. "आक्का, भाकर ग्वाड झाली," म्हणून खायची. त्यानं रतनबाई आणखीच पेटायची. "ग्वाड कशी लागंल? कच्ची हाय ती," असं तिनं मला सांगितलं, आणि ती दिपालीला नाही, मलाच खोटं ठरवत असल्यासारखी बघत राहिली.

एके दुपारी मी मोटारसायकल लांब लावून कोप्यांकडे पायी येत होतो. माणसं सगळी फडात होती. रतनबाई एकटी, डोक्यावर पाण्याची कळशी, कोपीच्या मागच्या मोकळ्या जागेत चालत होती. ती दिपालीसारखी चालून बघत होती. लांब पाऊल, खुबा पुढं, मान ताठ. दुसऱ्याच पावलाला तिचा उजवा पाय जागच्या जागी अडकला, कळशी कलंडली आणि ती खुंट्याला धरून उभी राहिली. मी दोन झोपड्या सोडून पुढं गेलो आणि हाक मारून मगच परत आलो.

डिसेंबरात कारखान्याच्या आवारात आरोग्य शिबिर होतं. नगरहून पूजा नावाच्या फिजिओथेरपिस्ट बाई आल्या होत्या. वयानं लहान, बोलायला स्पष्ट. मी रतनबाईला जवळजवळ ओढूनच नेलं.

"कुठं दुखतं?" पूजाबाईंनी विचारलं.

सगळ्या बायका कंबरेवरून सगळा हात फिरवून दाखवत होत्या. रतनबाईनं एक बोट मागं नेलं आणि उजव्या खुब्याच्या वरच्या खळगीत टेकवलं. पूजाबाईंनी पुन्हा विचारलं. बोट पुन्हा त्याच जागी गेलं.

त्यांनी तिला एका पायावर उभं राहायला सांगितलं. उजव्यावर ती राहू शकेना. मग उताणं झोपवून उजवा पाय सरळ ठेवून वर उचलायला सांगितला. पाय जमिनीतून उपटून काढावा तसा थरथरत जरासा उठला आणि खाली पडला. पूजाबाईंनी आपले दोन्ही तळवे तिच्या दोन्ही खुब्यांवर ठेवले, बाहेरून आत घट्ट दाबले आणि म्हणाल्या, "आता उचला."

पाय वर गेला. सहज गेला. रतनबाईनं मान वर करून आपल्याच पायाकडे बघितलं.

"म्याडम, काय केलं तुमी?"

"मी काही नाही केलं. तुमचा सांधा धरून ठेवला." त्या माझ्याकडे वळून समजावू लागल्या. माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड आणि खुब्याचं हाड जिथं मिळतं तिथं मागे दोन सांधे असतात. वरच्या धडाचं वजन दोन पायांत वाटून देणारी ती जागा. तो सांधा दुखरा आणि सैल झाला की माणूस त्या पायावर भार टाकायला बिचकतं, पाऊल आखडतं, धड ताठ धरतं, खुबा एका बाजूला पडतो, आणि अशा चालण्यानं कंबर आणखी दुखते. पाठीच्या मणक्यात दोष नसला तरी वर्षानुवर्षं कंबरदुखी राहते.

"आन पिशवीचं?" रतनबाईनं विचारलं.

"या दुखण्याचा आणि पिशवीचा संबंध दिसत नाही," पूजाबाई हळू म्हणाल्या.

रतनबाईनं साडीची निरी नीट केली.

पूजाबाईंनी तिला रुंद पट्टा दिला. रतनबाईनं तो कंबरेला आवळला. त्यांनी सोडवून खाली घेतला, पार खुब्यांच्या हाडांवरून. गुडघ्यांत घडी घातलेलं लुगडं धरून दाबायचा, उताणं झोपून कंबर उचलायचा असे व्यायाम दाखवले. मग शामियान्यातून बाहेर नेऊन येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या पाठी दाखवल्या. "चालताना मागून बघा. एका पायावर भार आला की दुसऱ्या बाजूचा खुबा किती खाली जातो? जिचा जास्त जातो किंवा जी अंग झोकते, तिचं काहीतरी बिनसलेलं असतं. स्वतःचं चालणं आरशात असंच तपासायचं."

"फळीवर कवा चढू?"

"यंदा नाही. सपाटीवर चाला, छोटी पावलं चालतील, पण सारखी पडली पाहिजेत. डोक्यावर ओझं नाही."

रतनबाईचा चेहरा असा पडला की पूजाबाईंनी मला विचारलं, "काम जाणार का यांचं?" मी म्हटलं, काम आधीच गेलंय. ते परत मिळायची आशा जायला नको.

ती महिनाभर नेमानं व्यायाम करत होती. फडापर्यंत भाकरी घेऊन जाताना आता ती कमी झोकांडायची. हातही थोडे हलायला लागले. बिभीषण एकदा माझ्यासमोर म्हणाला, "बरी चालाया लागलीस की." ती म्हणाली, "व्हय, पुढच्या साली दुसरा अर्धा हुडकायला नगो." तो हसला. लिंबाखालचं बसणं मात्र सुटलं नव्हतं. उलट आता तिला बघायचं कसं ते कळलं होतं. पूजाबाईंनी शिकवलेली नजर तिनं दिपालीवर लावली.

संक्रांत झाली असेल. एक दिवस मी फडात गेलो तर रतनबाईनं मला लिंबाखाली बोलावलं. तिचे डोळे चमकत होते.

"सायब, ती फळीवर चढताना बघा. डावा पाय टेकला की उजवा खुबा बघा."

मी बघितलं. मला काही दिसलं नाही.

"पडतोय," ती म्हणाली. "आठ दिस झालं पडतोय. काल बसल्यावर उठताना तिनं गुडघ्याला हात लावला. उभी ऱ्हायली की समदा भार उजव्यावर टाकती. डाव्या बाजूचा तिचा सांदा चाललाय."

त्या स्वरात जे होतं त्याला आनंदाशिवाय दुसरं नाव मी देऊ शकत नाही. त्या संध्याकाळी, राहीबाईनं मला नंतर सांगितलं, दिपालीच्या वाट्याची भाकरी पातळ आणि खरपूस निघाली होती आणि वर तुपाचा हात फिरवलेला होता.

रतनबाई कोणाला काही बोलली नाही. दिपाली थांबली की कोयता मोडणार, आणि कोयता मोडला की बिभीषणच्या हातची मोळी कोणाच्याच डोक्यावर जाणार नाही. एवढं तिला पुरत होतं. त्यापुढं घरात काय खाणार याचा विचार तिच्या मनात आला की नाही मला माहीत नाही.

मग एका सकाळी ती पाणी भरायला टाकीवर गेली असताना पलीकडून राहीबाईचा आवाज तिच्या कानी आला.

"कंबर दुखती म्हनतीस आन बसून ऱ्हातीस? पिशवी हाय ती. तरनीपनी काढून टाकलेली बरी. माझ्या वळखीचा डॉक्टर हाय, शनवारी जाऊ."

"लई दुखतं का वो त्यात?" दिपालीनं विचारलं.

"रतनीला इचार. तिचीबी तिथंच काढली."

रतनबाईनं हातातली घागर तिथंच ठेवली. आणि टाकीला वळसा घालून त्या दोघींसमोर उभी राहिली.

"तुझी पिशवी न्हाई. तुझा सांदा हाय. डाव्या बाजूचा. एक बोट लावून दाव बरं कुठं दुखतंय."

दिपाली दचकली. पदर सावरत मागं सरकली. "तुमाला कसं कळलं मला दुखतंय?"

"रोज बघते तुला."

"ठावं हाय मला, आक्का." दिपालीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "रोज बघता. माझी चुंबळ लपिवता, कच्च्या भाकरी घालता. आता म्हनता सांदा हाय, मंजी मी फळी सोडायची. मी फळी सोडली की तुमचं काळीज थंड. माझ्या पोरांचं काय?"

"मी खरं सांगते गं."

"आजवर कवा सांगितलं?"

राहीबाईनं दातांना मिसरी लावली आणि म्हणाली, "रतने, कंबर तुझी गेली, आता डोस्कंबी गेलं."

संध्याकाळी तिनं बिभीषणला सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "पुरं कर आता," तो म्हणाला. "ती बिचारी खाली मान घालून काम करती. तुला तिचं चाललेलं बगवत न्हाई, आन थांबलेलंबी बगवत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या कचेरीत आली. कारखान्याच्या कचेरीत ती कधी येत नसे. दारातच बसली.

"सायब, आजवर खोटं वागले तवा कोनी काय म्हनलं न्हाई. आता खरं बोलते तर कोनी मानंना."

मी म्हटलं, पूजाबाई मंगळवारी श्रीगोंद्याला येतात, दिपालीला तिथं घेऊन जाऊ.

"मी न्या म्हनले तर ती यायची न्हाई. शनवारी तिकडं जाईल."

"मी सांगून बघू?"

"तुमाला कोनी सांगितलं, हेच इचारंल पयलं."

ते खरं होतं. ती बराच वेळ जमिनीवर बोट फिरवत बसली. दाराबाहेर उसानं भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, हॉर्न वाजत होते. मग ती भिंतीला धरून उठली, आधी कुशीला वळून, पूजाबाईंनी शिकवल्यासारखी.

"मी गावाला जाते," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"मी हितं ऱ्हाईले तर माझ्या सांगन्यात माझा फायदा दिसतो. मी गेले तर काय फायदा? मागं ती दोघंच ऱ्हानार. मंग तरी इचार करतील, ही येडी मोकळं रान सोडून कशापायी गेली." ती दारातच वळली. "सायब, जीव जळतो माझा. पन माझ्यावानी तिची पिशवी जायला नगो. पिशवी जाऊन सांदा ऱ्हातो."

शुक्रवारी सकाळी तिनं बोचकं बांधलं. मी कोप्यांवर होतो. दिपाली दारात उभी होती, तिच्या हातात चहाची पातेली तशीच राहिली. रतनबाईनं खुब्यांवरचा पट्टा नीट केला आणि नवऱ्याकडे बघून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिला मंगळवारी म्याडमकडं न्या. शनवारी कुठं जाऊ देऊ नका. मी हितं नसनार, म्हंजी यात माझं कायबी न्हाई, यवढं तरी मानाल का?"

"आक्का," दिपाली म्हणाली, "तुमी खरंच निघाला?"

"मंग बोचकं काय गंमत म्हनून बांधलं? आन ऐक. भाकरीच्या पिठात मीठ घालत जा, ह्यांना आळनी चालत न्हाई. आन पदर हाय तसाच खाली ठेव."

बिभीषण तिला स्टँडवर सोडायला आला. मी नगरला जाणारी एसटी थांबवून धरली होती, कारण ती चढायला वेळ घेणार हे माहीत होतं. बिभीषणनं तिचं बोचकं आत ठेवलं आणि खाली उभा राहिला.

"पोचल्यावर फोन कर."

"करीन. तुमी वकताला जेवा. आन तिच्या डोक्यावर मोळी देताना..." ती थांबली.

"काय?"

"हलकी बांधा. सांदा निघालाय तिचा." मग आवाज बारीक करून, "आन हात लगीच काढून घेत जा."

बिभीषण ओशाळून माझ्याकडे बघून हसला. तिनं डावा, चांगला पाय पायरीवर ठेवला, दांडा धरला आणि स्वतःला वर घेतलं. अंग झोकलं नाही. खिडकीत बसल्यावर तिनं बाहेर बघितलंच नाही.

शनिवारी दिपाली कुठं गेली नाही. मंगळवारी श्रीगोंद्याला गेली. पूजाबाईंनी तिचंही बोट एकाच जागी टेकताना पाहिलं, तिचाही पाय दोन्ही तळव्यांनी धरून उचलून दाखवला. दुखणं नवं होतं, वेळेवर आली म्हणाल्या. फळी बंद, ओझं बंद. ऊस गोळा करणं आणि मोळ्या बांधणं चालेल. मच्छिंद्रनं आकांडतांडव केलं, पण हंगाम भरात होता, मधेच नवी माणसं मिळणार नव्हती. बिभीषण तिच्याही वाट्याच्या खेपा करू लागला, राहीबाईचा नवरा अधूनमधून हात लावू लागला. कोयता रडतखडत चालला.

त्याच संध्याकाळी माझा मोबाईल वाजला. रतनबाई होती. मागं शेळ्यांचा आवाज येत होता.

"सायब, गेल्ती का ती?"

"गेली होती. तुमचं बरोबर निघालं."



"संगं कोन हुतं?"

"बिभीषण."

"मोटारसायकलवर?"

"नाही, जीपनं. मी पण होतो."

"आन तपासाया आत कोन गेलं?"

"ती एकटीच. बिभीषण बाहेर बाकावर बसला होता."

"पुरा टाइम?"

"पूर्ण वेळ, रतनबाई. मी शेजारीच होतो."

"मंग ठीक हाय." तिनं सुस्कारा सोडला तो मला स्पष्ट ऐकू आला. "आता सांगा, किती दुखतंय तिला?"